अठरा वर्षांचा म्हातारा

गेल्या पावसाळ्यात भाच्याला घेऊन पुण्याहून मुंबईला येत होतो. खंडाळ्याच्या अलीकडे धुकं उतरलं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते आणि सगळी वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भाचा बारावीत आहे, गिटार शिकतो. माझ्या गाडीत माझीच गाणी ऐकावी लागतात याबद्दल त्याची कुरकुर कायमचीच. त्या दिवशी ‘फ्री’ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम लावला होता, ‘टन्स ऑफ सॉब्स’. त्यातलं ‘गोइंग डाउन स्लो’ सुरू झालं. आठ मिनिटांहून मोठं, रेंगाळत जाणारं, मरणाला टेकलेल्या माणसाचं गाणं. आयुष्यात मौजमजा भरपूर झाली, आता तब्येत साथ देत नाही, कुणीतरी माझ्या आईला पत्र लिहा, माझी काय अवस्था आहे ते कळवा, असं तो सांगतोय. भाच्याने मोबाइलवरून मान वर केली. चक्क कौतुकाने विचारलं, “मामा, हा म्हातारा कोण गातोय? भारी गातोय.”

मी जरा खुशीतच म्हणालो, “म्हातारा कसला! अठरा वर्षांचा होता तेव्हा. तुझ्याहून एखाद वर्षाने मोठा.” तो क्षणभर ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. “अठरा? मग कशाला एवढा आव आणतोय? उद्या मरणार असल्यासारखा!” आणि त्याने आपले इयरफोन कानात घातले.

गाणं तेच होतं, गळाही तोच. फक्त एक आकडा मी मध्ये टाकला होता.

भाच्याचा राग आला नाही, पण त्याचं बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. कारण तो खोटं बोलला नव्हता. दोन्ही वेळेला त्याला जे ऐकू आलं तेच तो म्हणाला. आधी त्याला एक थकलेला माणूस ऐकू आला, आणि वय कळल्यावर त्याच आवाजात एक नाटकी पोरगा. कानात शिरणाऱ्या आवाजात काडीचाही फरक पडला नव्हता. मग मी हा अल्बम इतकी वर्षं ऐकतोय, तो मी तरी नुसत्या कानांनी ऐकतो का? मला तर भाच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. त्या चौघांचं पुढे काय झालं, कोण गाजला, कोण लवकर गेला, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे सगळं घेऊनच मी प्ले दाबतो.

‘फ्री’ हे नाव आपल्याकडे ज्यांना माहीत आहे त्यांना ते एका गाण्यापुरतं माहीत आहे. ‘ऑल राइट नाउ’. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते मूळ गाणं म्हणून नाहीच, तर धोबी तलावच्या रंगभवनात, एका हौशी बँडच्या तोंडून. उघड्यावरचं थिएटर, घामाने आणि सिगारेटच्या धुराने जड झालेली हवा, गिटारवाल्याने पहिले दोन-तीन कॉर्ड वाजवले आणि मागच्या पायऱ्यांवरची पोरं उभी राहून ओरडायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण ओरडलो मीसुद्धा. ते गाणं १९७० मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत चौथ्या. त्याने बँडचं भलं केलं आणि त्यांच्या आधीच्या दोन अल्बमवर कायमची सावली धरली. एखाद्या लेखकाची एकच कथा पाठ्यपुस्तकात लागावी आणि जन्मभर त्याला तीच चिकटावी, तसं. पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या आतेभावाने एक कॅसेट आणली, ‘फ्री’च्या निवडक गाण्यांची. त्यात पहिल्या अल्बममधली दोन गाणी होती: ‘आय अ‍ॅम अ मूव्हर’ आणि ‘द हंटर’. ती कॅसेटच्या त्या बाजूला जरा चुकून आल्यासारखी वाटायची. बाकीची गाणी कशी ऐसपैस, स्वच्छ, मोकळी. ही दोन मात्र कोंदट खोलीत, दार लावून, एकमेकांच्या अंगावर पडत वाजवल्यासारखी. मला तीच आवडायला लागली. पूर्ण अल्बम हाती लागायला मात्र सीडीचा जमाना यावा लागला. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून तो घेतला तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी “हा कोण घेतं हल्ली” अशा नजरेने माझ्याकडे पाहिल्याचं आठवतं. कदाचित तसं नसेलही. आपण काहीतरी दुर्मीळ घेतोय या कल्पनेने माणूस स्वतःच फुगतो.

चौघांची वयं सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि सांगितली की भाच्यासारखी गत होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये लंडनच्या विल्सडन भागातल्या मॉर्गन स्टुडिओत हा अल्बम मुद्रित व्हायला लागला. तेव्हा गायक पॉल रॉजर्स अठरा वर्षांचा, गिटारवादक पॉल कॉसॉफ नुकता अठरा पूर्ण झालेला, ड्रमवरचा सायमन कर्क त्यातल्या त्यात थोराड म्हणजे एकोणीसचा. आणि बेस गिटार वाजवणारा अँडी फ्रेझर सोळा. बँड जमला तेव्हा, एप्रिलमध्ये, तर तो पंधराच वर्षांचा होता, आणि त्याआधी काही आठवडे जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये वाजवून आला होता. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत; मेयॉलचा बँड म्हणजे त्याच्या ब्रिटिश अवताराची पाठशाळाच. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर हे तिथूनच बाहेर पडलेले. तिथे पंधरा वर्षांचा मुलगा! गंमत म्हणजे मुद्रणाच्या टेबलावर बसलेला इंजिनिअर अँडी जॉन्स, तोही अठराचाच. त्या खोलीत वयाने जरा मोठा म्हणावा असा निर्माता गाय स्टीव्हन्स, आणि तो पंचविशीतला.

ही पोरं एकत्र आली ती साठच्या दशकातल्या लंडनमध्ये जशी यायची तशीच, पबच्या मागच्या खोल्यांतून. कॉसॉफ ‘ब्लॅक कॅट बोन्स’ नावाच्या बँडमध्ये होता. कर्कने एकदा तो बँड ऐकला, गिटार आवडली, आणि कार्यक्रमानंतर सरळ जाऊन सांगितलं की तुमचा ड्रमर काही खरा नाही. कॉसॉफ म्हणाला, त्याचा आज शेवटचाच दिवस आहे, उद्या चाचणी आहे, ये. हा किस्सा कर्कनेच सांगितलेला आहे आणि मला तो फार आवडतो; त्या वयाचा सगळा उद्धटपणा त्यात आहे. या दोघांनी चॅम्पियन जॅक डुप्री या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पियानोवादकाला त्याच्या १९६८च्या अल्बमवर साथही केली. रॉजर्स उत्तरेकडच्या मिडल्सबरोचा, पोलादाच्या आणि जहाजबांधणीच्या गावातला. मित्रांच्या बँडबरोबर लंडनला आला, बँड मोडला, हा राहिला. फिन्सबरी पार्कच्या एका क्लबात तो गात असताना कॉसॉफने त्याला गाठलं. १९ एप्रिल १९६८ ला बॅटरसीतल्या ‘नॅग्ज हेड’ या पबात चौघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला जमले. नाव दिलं ते अ‍ॅलेक्सिस कॉर्नरने, इंग्लंडमध्ये ब्लूजचं रोपटं लावणाऱ्यांपैकी एक. आयलंड रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलला मात्र ते नाव पसंत नव्हतं. त्याला बँडचं नाव ‘हेवी मेटल किड्स’ ठेवायचं होतं. त्याला फोनवरून ठाम नकार दिला तो फ्रेझरने, म्हणजे सगळ्यात धाकट्याने. आणि करार तरीही झाला. त्या वयात मला पोस्टात जाऊन मनिऑर्डरचा फॉर्म मागायची भीती वाटायची.

आयलंडने स्टीव्हन्सच्या हाती बजेट दिलं ८०० पौंडांचं. एवढ्यात चैन परवडणारी नव्हतीच, त्यामुळे रोज क्लबांत वाजवता तेच इथे वाजवा, असा मामला झाला. गाय स्टीव्हन्स हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोहोतल्या ‘सीन क्लब’मध्ये रेकॉर्डी लावणारा, अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूजचा वेडा संग्राहक, गाण्याच्या तांत्रिक बाजूपेक्षा खोलीतलं तापमान वाढवण्यावर विश्वास असलेला माणूस. दहा-अकरा वर्षांनी ‘द क्लॅश’ या बँडचा ‘लंडन कॉलिंग’ हा अल्बम त्यानेच केला, आणि १९८१ मध्ये गेलाही. ‘टन्स ऑफ सॉब्स’ ऐकताना त्याचा हात जाणवतो तो एका ठिकाणी फार. ‘ओव्हर द ग्रीन हिल्स’ हे शांत, हिरवट गाणं त्याने मधोमध कापलं. एक तुकडा अल्बमच्या सुरुवातीला, दुसरा अगदी शेवटी. पहिला तुकडा मिनिटभरही चालत नाही. डोळे मिटावेत असं काहीतरी सुरू होतं आणि कुणीतरी खाडकन दार उघडावं तसं ‘वरी’ अंगावर येतं. पहिल्या ऐकण्यात मला वाटलं सीडी खराब आहे. आता त्या धक्क्याची सवय झाली, पण पटलेलं अजूनही नाही. चांगलं गाणं होतं ते, सलग ठेवायला हवं होतं. स्टीव्हन्सला बहुधा अल्बम म्हणजे एक पूर्ण संध्याकाळ वाटत असावी, जिला सुरुवात आणि शेवट हवा. ठीक आहे. चूक मोठ्या मनाने केलेली आहे.

हा अल्बम इतका दुर्लक्षित का राहिला, याचं एक कारण फारच साधं आहे: वेळ. तो ब्रिटनमध्ये मार्च १९६९ मध्ये आला. त्याच महिन्यात तिथे ‘लेड झेपेलिन’चाही पहिला अल्बम आला. दोन्ही १९६८च्या शरद ऋतूत, त्याच शहरात मुद्रित झालेले. झेपेलिनचा बार्न्सच्या ऑलिम्पिक स्टुडिओत, आणि तिथल्या टेबलावर होता ग्लिन जॉन्स. म्हणजे अँडीचा थोरला भाऊ! एका घरातले दोन भाऊ, शहराच्या दोन भागांत, साधारण एकाच सुमारास, एकाच जातीच्या संगीताचे दोन पहिले अल्बम टिपताहेत. इतकंच काय, अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचं ‘द हंटर’ हे ‘फ्री’चं प्रत्येक कार्यक्रमातलं हुकमी गाणं, त्याच्याच ओळी झेपेलिनच्या त्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यातही डोकावतात. एका भावाने टिपलेला अल्बम जग हलवून गेला. दुसऱ्याचा ब्रिटनच्या यादीत आलाच नाही; अमेरिकेत १९७ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि उतरला. त्यात त्या वर्षी ब्लूज वाजवणाऱ्या गोऱ्या पोरांचं लंडनमध्ये पीकच आलं होतं. ‘चिकन शॅक’, ‘सॅव्हॉय ब्राउन’, ‘टेन इयर्स आफ्टर’, आणि सगळ्यांच्या वर पीटर ग्रीनचा ‘फ्लीटवूड मॅक’, ज्यांची एक शब्दहीन धून १९६९च्या सुरुवातीला चक्क पहिल्या क्रमांकावर होती. या गर्दीत चार मुलगे, त्यातला एकही तेव्हाच्या कायद्याने सज्ञान नाही.

दुसरं कारण अल्बमच्या आत आहे, आणि तेच मला जास्त खुणावतं. पुढचा ‘फ्री’ ओळखला जातो तो मोकळ्या जागांसाठी. ‘ऑल राइट नाउ’ नीट ऐकून बघा: कडव्यांत बेस नाहीच. फ्रेझर हात आवरून बसतो आणि ध्रुपदाला आत येतो, म्हणून ते ध्रुपद एवढं उसळतं. एवढा संयम शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. ‘टन्स ऑफ सॉब्स’मध्ये तो जवळजवळ कुठेच नाही. जागा दिसली की भरायची, हा खाक्या. कॉसॉफ गाण्याच्या पाठी लागलेला, रॉजर्सची ओळ संपायच्या आत त्याचं उत्तर सुरू. ‘वॉक इन माय शॅडो’मध्ये चौघेही एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघतात. जाणकार याला कच्चेपणा म्हणतात, आणि तो आहेच. पण पुढच्या, नावाजलेल्या अल्बमांत मला कधीकधी त्यांची अक्कल ऐकू येते. इथे अकलेच्या आधीचं काहीतरी ऐकू येतं: चार माणसांना एकमेकांबरोबर वाजवायला मिळतंय याचाच धसमुसळा आनंद. आणि त्या गर्दीतही कर्क बघा. ड्रमवाला साधा ठोका धरून बसतो, सजावट जवळपास शून्य, एकोणिसाव्या वर्षी एवढा मोह टाळणं सोपं नाही. कॉसॉफबद्दल सगळे लिहितात, फ्रेझरबद्दल संगीताचे विद्यार्थी लिहितात. कर्कबद्दल कुणी लिहीत नाही.

कॉसॉफबद्दल मीही लिहिणारच. त्याची खासियत म्हणजे डाव्या हाताची कंपनं. तो सूर लावतो, तार थोडी ओढतो आणि मग त्या सुराला असा घट्ट, जलद, एकसारखा कंप देतो की गिटार रडतेय की थरथरतेय कळू नये. लहानपणी तो शास्त्रीय गिटार शिकला होता; बोटांत ती शिस्त होती, पण ब्लूजमध्ये तिचा वेगळाच उपयोग झाला. १९६९च्या उन्हाळ्यात ‘फ्री’ अमेरिकेत क्लॅप्टनच्या ‘ब्लाइंड फेथ’च्या आधी वाजवत असताना क्लॅप्टनने त्याला विचारलं म्हणे, हे तू कसं करतोस. ज्याला ऐकून आपण गिटार पुन्हा हातात घेतली त्याने आपल्याला हे विचारावं! या अल्बमवरचं ‘गोइंग डाउन स्लो’ म्हणजे त्याचीच मैफल आहे. स्टीव्ह मिलर नावाच्या वादकाचा (हा तो प्रसिद्ध अमेरिकन नव्हे) पियानो मागे टपटपत राहतो, आणि कॉसॉफ एकेका सुरावर इतका वेळ थांबतो की पुढचा येणार की नाही अशी धास्ती वाटावी. म्हणजे संयम अगदीच नव्हता असंही नाही. मरणाच्या गाण्यात तो त्यांना सापडला होता.

इथेच माझी पंचाईत होते. कारण मला माहीत आहे की १९ मार्च १९७६ ला, लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात, झोपेतच कॉसॉफ गेला. पंचवीस वर्षांचा होता. नशेच्या गोळ्यांनी शरीर पोखरलेलं होतं. त्याचे वडील डेव्हिड कॉसॉफ इंग्लंडमधले नावाजलेले नट, बायबलच्या गोष्टी सांगणारे म्हणून घरोघरी माहीत. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध एकपात्री कार्यक्रम करत गावोगाव फिरणं पत्करलं. हे एकदा कळलं की ‘गोइंग डाउन स्लो’मधला प्रत्येक सूर भविष्यवाणी व्हायला लागतो. ‘मूनशाइन’ नावाचं गाणं त्याने आणि रॉजर्सने मिळून रचलेलं. त्यातला माणूस स्मशानात स्वतःच्या थडग्याला टेकून पहाटेची वाट बघत बसलाय. आता बोला! अल्बम आला १४ मार्चला, कॉसॉफ गेला १९ मार्चला, २०१५ मध्ये फ्रेझर गेला तोही १६ मार्चला. रात्री उशिरा एकट्याने ऐकत असलो की मेंदू असल्या तारखा जुळवत बसतो आणि अंगावर काटा आणून घेतो.

पण हा सगळा नंतर चढवलेला मुलामा आहे.

‘गोइंग डाउन स्लो’ लिहिलं सेंट लुइस जिमी ओडन या अमेरिकन ब्लूज गायकाने. १९४१ मध्ये त्याने ते स्वतः रेकॉर्ड केलं तेव्हा तो अडतीस वर्षांचा, मरणाच्या दारात वगैरे अजिबात नव्हता. पुढे १९६१ मध्ये हाउलिंग वुल्फ या दुसऱ्या ब्लूज गायकाने ते गायलं आणि बहुतेक इंग्लिश पोरांच्या कानावर ते तिथूनच पडलं. ओडन वारला १९७७ च्या डिसेंबरात, चौऱ्याहत्तर वर्षांचा होऊन. म्हणजे ज्याने मरणाचं गाणं रचलं तो, ते वाजवणाऱ्या त्या पोराच्या नंतर गेला. हे मी पहिल्यांदा लक्षात घेतलं तेव्हा कितीतरी वेळ खुर्चीत तसाच बसून राहिलो. मरणाचं गाणं गायला मरावं लागत नाही, ओडनलाही लागलं नव्हतं. तो एक बांधलेला ऐवज होता, एका माणसाने दुसऱ्याला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याला. रॉजर्सने तो गळ्यात घालून पाहिला. अठराव्या वर्षी तो सैल पडायला हवा होता. पडला नाही, एवढीच काय ती अचंब्याची गोष्ट.

अर्थात हेही इतकं सरळ नाही. हा ऐवज कुणी कुणाला ‘दिला’ हे शब्द वापरताना माझी जीभ जरा अडखळते. शिकागोतल्या काळ्या गायकांनी अपमान, गरिबी, स्थलांतर या सगळ्यातून घडवलेली गाणी. ती हॅम्पस्टेडच्या नटाच्या मुलाने वाजवायची, आणि त्यावर इंग्लंडमध्ये एक पूर्ण पिढी पोसली जायची. डुप्रीसारखे कितीतरी जण युरोपात येऊन राहिले, कारण तिथली पोरं त्यांना निदान मान देत होती. तो मान खरा होता. आणि पैशाच्या वाटा वेगळ्या होत्या, हेही खरं. माझ्यासारख्या मुंबईतल्या माणसाने या भांडणात न्यायाधीश होण्यात अर्थ नाही. मी दोघांच्याही घरापासून सारखाच लांब आहे. मी एवढंच पाहतो की ‘फ्री’ची पोरं काळ्या माणसाच्या उच्चारांची नक्कल फारशी करत नाहीत. रॉजर्सवर अमेरिकन गायक ओटिस रेडिंगचा प्रभाव उघड आहे, पण शब्दांच्या मागे कुठेतरी मिडल्सबरो उरलेलं आहे. म्हणून मी त्याला आव म्हणायला तयार होत नाही.

आव आणि नक्कल यांच्यातलं अंतर आपल्याला खरं तर माहीत असायला हवं. लहानगा शिवपुत्र, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून दहा-अकराव्या वर्षी त्या तशाच्या तशा गाऊन दाखवायचे. लोक तोंडात बोटं घालायचे. त्या पोराच्या गळ्यात उस्तादांच्या आयुष्यभराची तपश्चर्या कुठून आली, असं विचारून कुणी त्याला खोटं ठरवलं नाही. पुढे देवधर मास्तरांकडे शिकून, क्षयाचं लांबलचक आजारपण काढून त्यांनी ती नक्कल टाकली आणि स्वतःचं गाणं उभं केलं. आणि तिथेही आपण तेच करतो, जे मी कॉसॉफचं करतो! कुमारांच्या झेपावणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या ताना ऐकल्या की शेजारी बसलेला कुणीतरी हमखास कानात पुटपुटतो, “एकाच फुप्फुसावर गायचे ना.” झालं. त्या क्षणापासून आपण तान ऐकणं सोडतो आणि फुप्फुस ऐकायला लागतो. ती तान त्यांनी आजारामुळे तशी घेतली की तशीच घ्यायची होती म्हणून, हा प्रश्नच विचारायचा राहून जातो.

भाच्याबरोबरच्या त्या प्रवासापासून मी एक खटाटोप करून पाहतोय. ‘टन्स ऑफ सॉब्स’ लावायचा आणि काही माहीत नसल्यासारखं ऐकायचं. जमत नाही. दहा सेकंद जमतं, मग वय आठवतं, विमान आठवतं. मग मी उलटं करायला लागलो: माहिती विसरायची नाही, पण त्या चौघांना ऑक्टोबर १९६८ मध्येच ठेवायचं. त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. ‘ऑल राइट नाउ’ नव्हतं, आइल ऑफ वाइटच्या महोत्सवातली लाखोंची गर्दी नव्हती, १९७१ची फाटाफूट, पुन्हा जमणं, पुन्हा मोडणं, रॉजर्स-कर्कचा ‘बॅड कंपनी’, काहीच नव्हतं. विल्सडनमधला थंडीचा दिवस, तापलेले अ‍ॅम्प्लिफायर, संध्याकाळी कुठल्यातरी गावात कार्यक्रम, व्हॅनमधला प्रवास. ही पोरं मरणाबद्दल वाजवत नव्हती. ती जोरात वाजवत होती. हे धरून ऐकलं की अल्बम चक्क विनोदी वाटायला लागतो. ‘मूनशाइन’मधला थडग्याला टेकलेला माणूस म्हणजे अठरा वर्षांच्या मुलांनी एकमेकांना घाबरवायला रचलेली भुताची गोष्ट. पुढे बोनस गाण्यांसह निघालेल्या सीडीवर ‘गाय स्टीव्हन्स जॅम’ नावाचा एक तुकडा आहे, नुसतंच वाजवत सुटलेला. तो ऐका, म्हणजे त्या खोलीत हवा कशी होती ते कळेल.

भाच्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नसतो, त्या वयात मामाने शिफारस केलेलं गाणं आपोआप नापास होतं. शिवाय त्याने विचारलेला प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. अठरा वर्षांच्या रॉजर्सला त्या गाण्यातलं काय कळलं होतं? कदाचित काहीच नाही. कदाचित आईला पत्र लिहा, एवढंच. घर सोडून दूरच्या शहरात आलेल्या मुलाला तेवढी एक ओळ पुरली असेल.

कुणाला हा अल्बम ऐकावासा वाटला तर माझा सल्ला क्रमाने ऐकू नका असाच आहे; स्टीव्हन्स माफ करो. आधी ‘आय अ‍ॅम अ मूव्हर’ लावा. मग ‘वॉक इन माय शॅडो’, मग ‘द हंटर’, आणि जमलं तर त्याच दिवशी अल्बर्ट किंगचं मूळ १९६७ चं ‘द हंटर’ही ऐका, म्हणजे पोरांनी कुठे दांडगाई केली आणि कुठे आदर ठेवला ते दिसेल. ‘वाइल्ड इंडियन वुमन’ वगळलंत तरी चालेल. ‘स्वीट टूथ’ वगळू नका. ‘गोइंग डाउन स्लो’ सगळ्यात शेवटी, आणि ऐकवताना समोरच्याला गायकाचं वय सांगू नका. आणखी एक: फोनच्या स्पीकरवर ऐकायचं असेल तर मुळीच ऐकू नका. सोळा वर्षांच्या फ्रेझरचा बेस त्यात ऐकूच येत नाही, आणि निम्मा अल्बम त्याच्याच जिवावर उभा आहे.